पालथ्या वाटीतला आवाज

प्रिय कारणबुवा,

ऍपवर वाटी बंद का दाखवतेय म्हणून काल तू एकामागून एक मेसेज केलेस. वीज गेलीय का, इंटरनेट गेलंय का, वायर सैल झालीय का ते बघ. मी वाट पाहिली, की आता पुढच्या मेसेजमध्ये तू आईच्या पायाचं विचारशील. नाही विचारलंस. तर ऐक. वीज होती, इंटरनेट होतं, वायरही ठणठणीत होती. प्लग मी काढला होता. अगदी शुद्धीत, माझ्या हाताने. आणि पुन्हा लावलाही मीच.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. आधी मूळ मुद्दा काय ते ठरवू म्हणतोस, आणि तो ठरेपर्यंत तुझी मीटिंग सुरू होते. घरी बोलायची तर सोयच राहिलेली नाही, का ते पुढे येईलच. म्हणून दुकानात, जेवणाच्या सुट्टीत, चष्म्याच्या काचा कापायच्या यंत्राशेजारच्या स्टुलावर बसून हे लिहितेय. लिहून झालं की पानांचे फोटो पाठवेन. टाइप करायला गेले की माझा राग निम्मा होतो, आणि आज मला तो सगळाच्या सगळा हवाय.

आधी पायाचं. आईच्या टाचेची जखम भरत नाहीये. तिची साखर तुला माहीत आहे. डॉक्टरबाई घरी येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, घरच्या पट्टीवर आता भागणार नाही, दवाखान्यात आणून नीट साफ करायला हवी, आणि ती याच आठवड्यात, नाहीतर पाय वाचवायचा प्रश्न येईल. आणि आई घराबाहेर पडायला तयार नाही. निदान माझ्याबरोबर तरी नाही. हे मी तुला सांगितलं तेव्हा तू काय म्हणालास, आठवतंय? म्हणालास, पण ऍपमध्ये तर सगळं हिरवं दिसतंय. फोन भिंतीवर आपटावासा वाटला. नवा घ्यायला लागला असता म्हणून नाही आपटला.

तुझ्याशी वाद घालायची मला लहानपणापासून सवय आहे, आणि हरायचीही. बाबांनी लावलेली खोड ती. रात्रीचं जेवण झालं की ते एक प्रश्न टाकायचे. पंख्याने खोली गार होते की फक्त माणूस? दोर तुटलेली लिफ्ट खाली आपटायच्या क्षणी आतल्याने उडी मारली तर तो वाचेल का? टेलिफोन आल्यापासून माणसं जवळ आली की लांब गेली? एक बाजू तुझी, एक माझी, बाबा दोघांनाही चिथवणार आणि आई पंच. जो हरेल त्याने भांडी घासायची. तू ताटावर वाट्या नि चमचे मांडून लिफ्ट दाखवायचास, दोर म्हणून माझी वेणी ओढायचास. मी चिडायचे. आणि आईचा नियम एकच होता, ज्याचा आवाज चढला तो हरला. बरोबर कोण, चूक कोण, हे ती कधी बघायचीच नाही. एकदा मी म्हटलंही, की हा कसला न्याय. तर म्हणाली, घरात असाच न्याय लागतो. आपल्या घरातली निम्म्याहून जास्त भांडी मीच घासली आहेत रे, आणि तुझे हात अजून मऊच्या मऊ.

आणि हो, ताई यंत्रांच्या विरोधात आहे असं जे तू सगळ्यांना सांगत फिरतोस ना, ते आधी बंद कर. या दुकानात मी आले तेव्हा काचा हाताने दगडावर घासायचो. बोटं सोलून निघायची. कापायचं यंत्र आलं तेव्हा मालक स्वतः त्याला हात लावायला घाबरत होते, ते चालवायला पहिल्यांदा शिकले ती मी. आज कुणी म्हणालं, परत दगडावर घासा, तर मी घरी निघून जाईन. यंत्र चांगलं की वाईट हा वादच मला कंटाळवाणा वाटतो. इथे रोज चालतो तो. मालक म्हणतात, पुढे सगळं यंत्रंच करतील, म्हाताऱ्यांचंसुद्धा. मी म्हणते, करू देत की, माझी हरकत नाही, फक्त ती करत असताना मागून कोण आवरतंय ते कुणीतरी बघा.

तर वाटी. गेल्या खेपेला तू ते बोलणारं यंत्र आणलंस, पांढरंशुभ्र, पालथी वाटी ठेवावी तसं, म्हणून घरात त्याचं नाव वाटीच पडलं. आई विसरायला लागली होती आणि मी दिवसभर दुकानात, हे तुझं म्हणणं खरं होतं. मी नाही म्हटलं नव्हतं. सुरुवातीला तिच्यातून कुणा बाईचा आवाज यायचा, औषधाची वेळ झाली आहे म्हणून. आई म्हणायची, ही कोण मला माझ्याच घरात हुकूम सोडणार? आणि वाटीवर पुसायचं फडकं टाकून मोकळी व्हायची. मग तुला ती नामी युक्ती सुचली. आतल्या खोलीचं दार लावून घेतलंस, आवाज घुमू नये म्हणून चहूबाजूंनी उशा रचल्यास आणि तुझ्या स्वतःच्या आवाजात एकेक वाक्य भरलंस. आई, गोळी घे. आई, पाणी पी. आई, गॅस बंद आहे ना, एकदा बघ. आणि तिने घेतली म्हटलं की, शाब्बास, आई. दुसऱ्या दिवशी आईने निमूटपणे गोळी घेतली. तू छाती फुगवून माझ्याकडे बघितलंस. मी भांडी घासली.

काही महिने खरंच बरं चाललं. गोळी चुकत नव्हती, गॅस उघडा राहत नव्हता, मला दुकानात धडधड कमी व्हायची. हे मी कबूल करते, नाहीतर म्हणशील ताई एकांगी बोलते. पण पुढे आई वाटीशी बोलायला लागली. गोळी घेऊन झाली की विचारायची, तू जेवलास का रे? वाटी म्हणायची, शाब्बास, आई. एवढ्यानेही तिचं समाधान व्हायचं. मग ती आतल्या खोलीचं दार हळूच ओढून घ्यायला लागली, तुझ्या कामात व्यत्यय नको म्हणून. दारापाशी तुझं ताट झाकून ठेवायला लागली. ते ताट रोज मी उचलते. शेजारच्या काकूंनी मला जिन्यात गाठून विचारलं, मुलगा आलाय म्हणे घरी, पण दिसत कसा नाही? मी काय सांगणार होते? म्हटलं, कामात असतो.

यातलं तुला काय दिसतं, तर गोळी घेतली, पाणी प्यायलं, हिरवं. तिला उठवतं कोण, आंघोळ कोण घालतं, पट्टी कोण बदलतं, गोळ्या डबीत भरतं कोण, याला तुझ्या ऍपमध्ये रंग नाही. मी म्हणजे त्या हिरव्या रंगामागचं काहीतरी. आणि एक सांगू? तू एवढी वाक्यं भरलीस, अगदी चप्पल घाल, फरशी ओली असेल, इथपर्यंत. त्यातल्या एकाही वाक्यात मी नाही. ताईला सांग, ताईला विचार, ताई आली का बघ, काही म्हणजे काही नाही. ते वाक्य तुला सुचलंच नाही, आणि तू मुद्दाम केलं नाहीस हेही मला कळतं. पण आईचं घर आता त्या वाक्यांएवढंच उरलंय रे. त्यात तू आहेस, गोळी आहे, गॅस आहे. मी नाही.

मला ती आता बाई म्हणते. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मला वाटलं चेष्टा करतेय. वाटीला सांगत होती, ही बाई कामाला चांगली आहे, पण जरा बडबडी आहे. मी हसले. मग परवा मी माझं कपाट उघडून साडी काढत होते, तर मागे येऊन उभी राहिली आणि मला काही न बोलता थेट बाहेर जाऊन वाटीला म्हणाली, "त्या बाईला सांग, माझ्या मुलीच्या कपाटाला हात लावायचा नाही. ती दुकानातून आली की तिला आवडणार नाही." मी साडी परत आत ठेवली आणि आदल्या दिवशीचीच नेसून दुकानात आले. दिवसभर लोकांच्या डोळ्यांवर चष्मे बसवले. विचारत होते, आता नीट दिसतंय ना?

तुला वाटेल, मग मला फोन का नाही लावून दिलास. दिला की. त्या दिवशी तू तिला म्हणालास, आई, दवाखान्यात जा, आणि तिने फोन माझ्या हातात परत दिला. तू घाईत होतास, तुला कळलंही नाही ती काय म्हणाली. म्हणाली, कुणीतरी त्याची नक्कल करतंय, माझा मुलगा तर आत आहे. व्हिडिओवरही बघितलं तिने तुला. म्हणे, हा जाड्या कोण?

म्हणून काल प्लग काढला. माझं डोकंच फिरलं होतं. म्हटलं, आज बघू, तो नसला तर मी दिसते का. दुपारची गोळी हातावर ठेवली, तिने घेतली नाही. म्हणाली, त्याने अजून सांगितलं नाही. जेवायला वाढलं, जेवली नाही. मी आवाज चढवला. हो, चढवला, पाच घरांना ऐकू जाईल एवढा. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. लंगडत लंगडत आतल्या खोलीपाशी गेली, दारावर बोटाने हळूच टकटक केलं आणि म्हणाली, "रागावलास का माझ्यावर?" रिकाम्या खोलीला विचारत होती रे. मी तशीच जाऊन प्लग लावला. वाटी म्हणाली, आई, गोळी घे. तिने घेतली. पंचाचा निकाल मला कळला.

तुझ्या रजेचं तू बघ. ये असं म्हणून म्हणून माझं तोंड दुखलं, आता नाही म्हणणार. पण तू येईपर्यंत टाच थांबणार नाही. म्हणून हे सगळं लिहिलं. तू जिंकलास, मी हरले, भांडी मी घासतेच आहे. त्या बदल्यात एक कर. आज रात्रीपर्यंत दार लावून घे, उशा रच आणि पूर्वी भरलीस तशीच, न चिडता, सावकाश, आणखी वाक्यं भर. आई, ही ताई आहे. तुझी मुलगी. तिच्याबरोबर दवाखान्यात जा. मी उद्या सुट्टी घेतली आहे, गाडीही सांगून ठेवली आहे. आणि दवाखान्याचं काम झालं की तेवढं शेवटचं वाक्य काढून टाक, पहिली दोन राहू देत. रोज सकाळी, मी चहा घेऊन तिच्या खोलीत यायच्या जरा आधी, एकदा लागतील अशी ठेव.

तुझीच,
ताई