पोट, कप्तान, शेजारी

पौड, ता. मुळशी
२१ जानेवारी २००८

आदरणीय तारिकभाई,

अस्सलामु अलैकुम. इकडे अल्लाच्या मेहरबानीने सगळे खुशाल आहेत. तिकडे कोल्हापुरातही तुमचा गुडघा, तुमचं दुकान आणि तुमच्या तालमीचा फुटबॉल संघ, तिन्ही धडधाकट असावेत अशी दुआ करतो. (गुडघ्याला तेल लावता की नाही, हे तुमच्या अम्मींनी खास विचारायला सांगितलंय. लावत नसाल तरी 'लावतो' असंच कळवा. त्या सध्या आमच्याकडे आहेत आणि तुमच्यावरचा राग माझ्यावर काढायला त्यांना सोपं जातं.) अम्मींना पौडची हवा चांगलीच मानवली आहे. रोज सकाळी एसटी स्टँडपर्यंत फिरून येतात आणि कुठली गाडी किती उशिरा आली याची बातमी आम्हाला चहाबरोबर देतात. तुमची बहीण रुही मजेत आहे. तिन्ही पोरं मजेत आहेत, म्हणजे घर मजेत नाही.

पत्राला तसं खास कारण काही नाही. आमच्या कॉलेजात फुटबॉलचा सामना झाला आणि साहजिकच तुमची आठवण आली. पण 'फुटबॉल' हा शब्द वाचून लगेच सरसावून बसू नका. हा फुटबॉल पायाने खेळत नाहीत. (वाचलंत ते बरोबरच वाचलंत. मीही हा धक्का पचवला आहे, तुम्हीही पचवा.) हा अमेरिकेतल्या कॉलेजांचा फुटबॉल. चेंडू सोललेल्या नारळासारखा, दोन्हीकडून टोकदार. तो काखेत मारून मैदानाच्या टोकापर्यंत पळायचं, पोचलं की सहा गुण. तिकडे म्हणे शिरस्त्राणं घालून एकमेकांना आडवं पाडतात. इकडे पालकांची परवानगी मिळणार नाही म्हणून कमरेला दोन्ही बाजूंना कापडी पट्ट्या खोचतात. ज्याच्याकडे चेंडू आहे त्याची पट्टी ओढली की डाव तिथेच थांबला. चार डावांत ठरलेलं अंतर कापलं तर पुढचे चार डाव मिळतात, नाही तर चेंडू समोरच्यांचा.

हे खूळ आणलं ऋषिकेश सरांनी. हे गृहस्थ अमेरिकेत शिकत होते. स्वतः कधी खेळले नाहीत, पण दर शनिवारी विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये बसून घसा बसेपर्यंत ओरडायचे. आता हिंजवडीकडच्या एका कॉलेजात शिकवतात. तिथे त्यांनी संघ उभा केला आणि आमच्या प्राचार्यांना 'फुटबॉलच्या मैत्रीपूर्ण सामन्याचं' आमंत्रण धाडलं. प्राचार्यांनी मला न विचारता होकार कळवला. मी बिचारा क्रीडाशिक्षक. मी पोरांकडून पेनल्टी घोटून घेतली, हेडर घोटून घेतले. आमचा गेणबा (धरणाकडच्या गावातला, अंगाने दाराएवढा) हेडर मारून मारून इतका तयार झाला होता की वर्गातही कुणी खडू फेकला तर डोक्यानेच परत करायचा. अशी जय्यत तयारी करून आम्ही हिंजवडीच्या कंपनीगाड्यांच्या गर्दीत अडकत, घामाघूम होत मैदानावर पोचलो, आणि समोर तो नारळ.

वर नियम असा की संघात मुलीही हव्यात. आमच्याबरोबर टाळ्या वाजवायला चार मुली आल्या होत्या, त्यांनाच उतरवलं. त्यातली शारदा कबड्डी खेळणारी, म्हणून निदान ती तरी घाबरली नाही.

पुढे जे झालं त्याला सामना म्हणणं म्हणजे सामन्याचा अपमान आहे. त्यांची कप्तान ज्ञानदा नावाची एक चिमणीएवढी मुलगी. तिची युक्ती नीट समजून घ्या भाई, कारण सगळं महाभारत इथेच आहे. चेंडू हातात आला की ती आधी शेजारून पळणाऱ्या एका गड्याच्या पोटात तो खुपसते. कधी खरंच देते, कधी नुसता दाखवून काढून घेते. काढून घेतला की स्वतः कडेला धावत सुटते, आणि तिच्या बाजूला तिचा आणखी एक साथीदार धावत असतो. आपला माणूस तिच्या अंगावर गेला की ती चेंडू साथीदाराकडे टाकते. आपला माणूस साथीदाराकडे वळला की ती स्वतःच पुढे निघून जाते. म्हणजे आधी काहीच ठरलेलं नसतं. आपण काय करतो ते बघून ती आपल्याला मूर्ख बनवते. (लग्नाच्या बस्त्यात तुमची बहीण दुकानदाराशी अशीच वागली होती, पण ते असो.) पहिल्याच डावात आमचे सगळे गडी पोटवाल्यावर तुटून पडले. सहाजणांनी मिळून त्याच्या दोन पट्ट्या ओढल्या, आरडाओरडा केला, आणि चेंडू घेऊन ज्ञानदा केव्हाच टोकाला जाऊन पोचली होती.

त्याहून वाईट म्हणजे त्यांची घाई. आपल्याकडे एक डाव झाला की माणसं जरा श्वास घेतात, चूक कुणाची यावर चर्चा करतात. ते चर्चाच करत नाहीत! डाव संपला की तिथल्या तिथे रांग लावून पुढचा डाव सुरू. आमची पोरं 'सर, काय करू?' म्हणून माझ्याकडे तोंड करून उभी, मी समजावून सांगतोय, आणि माझ्या वाक्याचं क्रियापद यायच्या आत त्यांचे गुण लागलेले. (माझी वाक्यं जरा लांब असतात हे मला मान्य आहे.) आम्ही शून्यावर हरलो. त्यांचे गुण सांगत नाही. ते लिहिणाऱ्या मुलानेही शेवटी शेवटी मान खाली घातली होती.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. "मुलाणी सर, परतीचा सामना आपल्या मैदानावर आहे. कॉलेजच्या बसगाड्या उभ्या करायला जागा नाही, हे तुम्ही जाणताच. या मैदानावर असंच हसं होणार असेल, तर तिथे गाड्या तरी नीट उभ्या राहतील." भाई, हे मैदान कसलं आहे ते तुम्ही बघितलंय. बाजूला भातखाचरं, मागे डोंगर, आणि दगड वेचून वेचून ते पोरांनी आणि मी तयार केलेलं. मला त्या दिवशी डबा गेला नाही.

मग पडलेल्या चेहऱ्याने घरी बसलो असताना आमच्या तिन्ही पोरांनी बदामाची पुडी पळवली. मी मागे लागलो. पुडी थोरल्याकडे, मी थोरल्यावर झेप घेतली तर ती मधल्याकडे. मधल्याकडे वळलो तर धाकटीच्या फ्रॉकमध्ये. मी पलंगावर आपटलो. रुही स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. म्हणाली, "पुडीच्या मागं काय पळालायसा? तुम्ही थोरल्याला धरा, अम्मी मधल्याला धरतील, मी धाकटीला. पुडी जाऊन जाऊन जातीय कुठं?"

आम्ही तिघांनी तीन पोरं धरली. पुडी मिळाली. मी आनंदाने असा ओरडलो की शेजारच्या तुळजाबाई काठी घेऊन आल्या. (साप निघाला असं त्यांना वाटलं.)

त्या दिवसापासून आमच्या मैदानावर चेंडूकडे बघायला बंदी झाली. मी तीन कामं वाटून दिली: पोट, कप्तान, शेजारी. ज्याचं काम 'पोट', त्याने पोटवाल्यालाच गाठायचं, चेंडू असो वा नसो. ते काम गेणबाला. ज्ञानदाला रोखायचं ते शारदाकडे, कारण परक्या मुलीच्या कमरेची पट्टी ओढायची म्हटलं की आमची पोरं लाजून उभ्या उभ्या पुतळा होतात. आणि शेजारून पळणारा साथीदार आमच्या शैलेशकडे. बाकीच्यांनी त्यांच्या मागे मदतीला उभं राहायचं. ऐकायला सोपं, पण गेणबाला ते जिवावर आलं.

"सर, त्याच्याकडं चेंडूच न्हाई. मी त्याला कशाला धरू?"

"तरी धर."

"धरला. आन् चेंडू तिकडं चाललाय त्याचं काय?"

"तिकडे शारदा आहे."

"आन् तिला न्हाई जमलं तर?"

"मग शारदाचं चुकलं. तू तुझं काम सोडलंस तर तुझं चुकलं."

तो मान हलवत जायचा. पोरगं कष्टाळू, त्याला बिनकामाचं उभं राहायची सवय नाही. रिकाम्या हाताच्या माणसाची पट्टी ओढणं म्हणजे त्याला बिनपिकाच्या वावरात कापणी केल्यासारखं वाटायचं. तरी करत राहिला.

दुसरा प्रश्न घाईचा. तो अम्मींनी सोडवला. त्या रोज खुर्ची टाकून सराव बघायला बसायच्या. (थंडीत उगाच घरी बसवत नाही म्हणाल्या. मी 'नको' म्हणून बघितलं. तुम्ही त्यांचे चिरंजीव आहात, पुढचं सांगायला नको.) एकदा मला जवळ बोलावून म्हणाल्या, "बेटा, पोरं खेळायची सोडून तुझं भाषण ऐकाय थांबत्यात. तोंड मिट की जरा." आणि माझ्या तोंडात अख्खी सुपारी घातली. खोटं वाटेल, पण त्या दिवसापासून पोरं माझ्याकडे बघेनाशी झाली. चेंडू थांबला की धावत जायचं, आपापल्या माणसासमोर उभं राहायचं, 'पोट!', 'कप्तान!', 'शेजारी!' एवढं ओरडायचं, बास.

सामन्याला सगळं कॉलेज लोटलं होतं. गावातलीही माणसं आली, कारण 'नारळाचा खेळ' अशी जाहिरात आपोआप झाली होती. प्राचार्य पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी बसगाड्यांचा ठेकेदार मैदानाची लांबी डोळ्यांनी मोजत बसलेला. अम्मी दुसऱ्या बाजूला, शाल गुंडाळून. मी सुपारीसह.

पहिल्या डावात ज्ञानदाने पोटात चेंडू खुपसला, काढला, पळाली, आणि समोर शारदा. तिने साथीदाराकडे बघितलं, तर त्याला शैलेश घोरपडीसारखा चिकटलेला. भाई, ती चिमणी पहिल्यांदा थबकली! शारदाने पट्टी ओढली. ऋषिकेश सर उठून उभे राहिले. त्यांनी घाई वाढवली, लगेच पुढचा डाव, लगेच त्याच्या पुढचा. पण आमची पोरं आधीच उभी. असं नाही की काहीच निसटलं नाही. शैलेश एकदा मोह आवरला नाही म्हणून चेंडूमागे धावला आणि सहा गुण देऊन आला. पण पुढे ज्ञानदाने घाईत टाकलेला चेंडू शारदाने मधल्या मध्ये झेलला आणि जी सुटली ती थेट टोकाला. बरोबरी झाली. मग आमच्या एका पोराने कसाबसा आणखी एकदा चेंडू नेला आणि आम्ही पुढे. मी टाळ्या वाजवल्या, ओरडता येत नव्हतं.

गेणबाचे मात्र हाल. सबंध सामनाभर त्याने पोटवाल्याची पट्टी ओढली आणि एकदाही त्याच्याकडे चेंडू नव्हता. लोक हसायला लागले. गावातला कुणी ओरडला, "आरं गेणबा, चेंडू तिकडं गेला की रं!" त्याचे कान लाल झालेले मला दिसत होते. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मी सुपारी गालात सरकवून नुसतं पोटावरून हात फिरवला. तो परत जाऊन उभा राहिला.

शेवटचा डाव. टोक त्यांच्यापासून चार पावलांवर. पोचले तर बरोबरी, आणि त्यावर मिळणाऱ्या जादा डावात एक गुण मिळवला तर त्यांचा विजय. सगळ्या मैदानाचे डोळे ज्ञानदावर. तिने नेहमीसारखा चेंडू पोटात खुपसला आणि कडेला पळाली. शारदा तिच्यावर, शैलेश साथीदारावर, प्रेक्षक तिच्याकडे, प्राचार्य तिच्याकडे, मी तिच्याकडे. आणि तिचे दोन्ही हात रिकामे होते.

मी मान वळवली तर पोटवाला टोकाच्या रेषेवर, पुढे झुकलेला, चेंडू पोटाशी घट्ट धरून, आणि त्याच्या मागे गेणबा हातात पट्टी घेऊन उभा! पंचांनी शिट्टी मारली. पट्टी रेषेच्या अलीकडेच निघाली होती. माझी सुपारी गिळली गेली. पोरं गेणबावर येऊन आदळली, गावकऱ्यांनी फेटे उडवले, आणि त्या गडबडीत तो मला शोधत आला, चेहरा रडवेला.

"सर, धरला बगा. पर चेंडू कुनाकडं व्हता?"

मी त्याला मिठीच मारली. 'तुझ्याच माणसाकडे!' एवढंच ओरडलो, सुपारी नसतानासुद्धा.

ज्ञानदा हसत हसत येऊन शारदाच्या गळ्यात पडली. ऋषिकेश सर मला म्हणाले, "मुलाणी सर, हा बचाव कुठल्या पुस्तकातून काढलात?" मी म्हटलं, "बदामातून." त्यांना कळलं नाही. प्राचार्य बसगाड्यांचा तो सत्तरीचा ठेकेदार खांद्यावर घेऊन नाचायच्या बेतात होते. मैदान वाचलं. बसगाड्या रस्त्यावरच उभ्या राहतात आणि लवासाकडे जाणारे डंपर त्यांना हॉर्न मारतात.

असो. पत्र लांबलं. मुलांना प्यार, भाभींना सलाम. दुआमध्ये याद ठेवा.

तुमचा मेहुणा,
रफीक मुलाणी

ता. क. अम्मींना परत पाठवा असं तुम्ही मागच्या फोनवर म्हणालात. त्या संघाच्या व्यवस्थापक झाल्या आहेत. मला त्यांना काढायचा अधिकार नाही.

ता. क. २. विजयाच्या भरात प्राचार्यांनी माइकवर जाहीर केलं की आता आमचा संघ थेट कोल्हापुरात, फुटबॉलच्या पंढरीत, प्रदर्शनी सामना खेळणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भरात होतो. मी म्हणालो, 'मैदानाची आणि समोरच्या संघाची सोय माझ्या मेहुण्यांनी केलेलीच आहे.' तरी येत्या महिन्यात तुमच्या तालमीची पोरं तयार ठेवावीत, ही नम्र विनंती. ती हरली तरी वाईट वाटून घेऊ नये.

ता. क. ३. पोरांना फक्त 'फुटबॉल आहे' एवढंच सांगा. चेंडू आम्ही घेऊन येतो.