माझ्या चपला

ती. आईस धाकटीचा नमस्कार.

मी ताईकडे सुखरूप आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

इथे गुरांत लाळ्या-खुरकुताची साथ आहे. मला काय ठाऊक? आल्या आल्या शेजाऱ्यांच्या गोठ्यातली वासरं कुरवाळली आणि त्याच चपलांनी ताईच्या गोठ्यात शिरले. चौथ्या दिवशी तिच्या म्हशीच्या तोंडातून लाळ गळायला लागली. चारा तोंडात घेते आणि तसाच टाकते. डॉक्टर म्हणाले, आता वाट बघायची. तू ताईला लिहिशील तेव्हा म्हशीचं विचारू नकोस.

ताई मला एका शब्दाने बोलत नाही. रोज सकाळी माझ्या चपला औषधाच्या पाण्यात धुऊन उन्हात ठेवते. मी धुवायला गेले तर म्हणते, "राहू दे, तू पाहुणी आहेस."

आई, या घरात मी आजवर कधी पाहुणी नव्हते.