मिस ऑलिव्ह यांची सम आणि अक्काच्या बरण्या

ओमती, जबलपूर

ती. श्रीरंगभाऊजींच्या चरणी शालिग्रामचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे तूर्त सातच अंगांचा झाला आहे, आठवं भेटीत.)

पुण्यात चिरंजीवांकडे तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं अक्काने नागपूरहून फोनवर कळवलं. वाळवणाचे दिवस असल्यामुळे ती मागे राहिली हे योग्यच केलं. डोळा एक वेळ थांबतो, कुरडया थांबत नाहीत. हे पत्र पट्टी सुटल्यावर स्वतःच वाचावं, सूनबाईंकडून वाचून घेऊ नये. कारण शेवटी कळेल.

इथली मोठी बातमी म्हणजे मिस ऑलिव्ह परेरांचा अल्बम निघाला. तुम्हाला आठवत असतील: आमच्या सौ. लीलाच्या शाळेत संगीत शिकवायच्या आणि रविवारी क्लबात पियानोवर बसून जॅझ गायच्या. (लोक तिथे कटलेट खायला जात, गाणं कटलेटबरोबर मिळे.) आता ऐंशीच्या घरात आहेत. लीलाला त्यांनी सीडी भेट दिली. मी ती सभ्यपणापोटी लावली, सवयीने मांडीवर ताल धरला आणि फसलो. मी समेवर पोचतो तर बाई तिथे नाहीत. वाटेत कुणी ओळखीचं भेटल्यासारख्या सावकाश येतात, आणि वर आपल्यालाच वाटतं की आपण उगाच लवकर आलो. डावा हात मालगाडीसारखा एका चालीत चाललेला, आणि उजवा सारखी त्याची मस्करी करतो. आवाज म्हाताराच आहे, पण तो लपवायची खटपट कुठेही नाही. एका गाण्यात वरचा सूर फाटतो. बाई तो तसाच राहू देतात आणि पियानो त्याला खालून हळूच हात देतो. भाऊजी, मला रडू आलं. तेच गाणं मी पुन्हा लावलं. (तेवढ्यात वरण करपलं. लीलाही ऐकत उभी होती.)

पण हे सगळं त्यांनी मुंबईला जाऊन, परक्याच्या पियानोवर वाजवलेलं. त्यांचा स्वतःचा वाळवीने खाल्ला. आपल्या गावच्या लोकांसमोर ही गाणी एकदा वाजवावी, एवढीच आता त्यांची इच्छा आहे. गावात जे पियानो आहेत ते एक तर कुलपात आहेत, नाही तर बेसूर झाले आहेत. ते ऐकून मी आपल्या मराठी मंडळाच्या सभेत उठलो आणि वर्धापनदिनाला मिस ऑलिव्हच गातील असं जाहीर करून बसलो. अध्यक्ष नारायणरावांनी विचारलं, "हे जॅझ काय असते जी? भजनात बसते का?" मी म्हटलं, ख्यालासारखंच असतं, फक्त खुर्ची लागते. यातलं खुर्चीचं कुणी ऐकलं नाही.

परवा बाईंना सभागृह दाखवायला बोलावलं, तर मंडळाने आपल्या रीतीप्रमाणे जय्यत तयारी करून ठेवली होती: गादी, लोड, तक्क्या, शाल, नारळ, आणि मधोमध हार्मोनियम. नारायणरावांचं म्हणणं, पट्ट्या काळ्या-पांढऱ्या आहेत, आणखी काय पाहिजे? बाईंना दोघांनी धरून गादीवर बसवलं. त्यांनी दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले, डोळे मिटले आणि वाजवायला लागल्या. आवाज येईना. भाता कोण हलवणार, हा विचार कुणीच केला नव्हता. माणसं हसू दाबून राहिली आणि बाईंनी हात मांडीवर घेतले. मला ते बघवेना. मी दुखऱ्या गुडघ्यासकट पेटीपलीकडे बसलो आणि भाता मारू लागलो.

मग बाई गायल्या. तेच फाटक्या सुराचं गाणं. बोटं मधेच शब्द सोडून आपल्या वाटेने निघाली, आणि लीलाच्या तोंडून बैठकीतल्यासारखं "क्या बात है" निघून गेलं. मी डोळे वटारले. गोऱ्यांचं संगीत, शेवटी टाळ्या वाजवायच्या असतात एवढं मलाही माहीत. तर लीला म्हणाली, "काहून डोळे दाखवता? आवडलं, म्हणून बोलली."

बाई थांबल्या. म्हणाल्या, "बोलने दो भैया. हमारे यहाँ बीच में ही बोलते हैं. सारी उम्र इस शहर में बजाया, बीच में कोई बोला नहीं."

त्यानंतर नारायणरावसुद्धा दोनदा बोलले. (एकदा चुकीच्या जागी, पण मनापासून.) कार्यक्रम पुढच्या रविवारी नक्की झाला.

लहानांस आशीर्वाद. डोळ्यांना जपावं.

तुमचा,
शालिग्राम

ता. क. पेटीवर रविवार निभणार नाही. तुमच्या वडिलांनी कुठल्याशा साहेबाच्या लिलावात घेतलेला जो पियानो नागपूरच्या बैठकीत आहे आणि ज्यावर अक्का लोणच्याच्या बरण्या ठेवते, तो आठवडाभर मिळेल का? आमच्या घरच्या जावयाच्या, म्हणजे तुमच्या, शब्दावाचून त्याला कुणी हात लावणार नाही.

ता. क. २. अक्काने बरण्या मंगळवारीच उतरवल्या. सूर लावणारा येऊन गेला; म्हणाला, हिंग-मोहरीच्या वासाने वाळवी फिरकली नाही, पियानो खणखणीत आहे. तो घेऊन टेम्पो एव्हाना सिवनीच्या पुढे आला असेल. वरची विनंती तुमचा मान राहावा म्हणून लिहिली.

ता. क. ३. डॉक्टरांनी परवानगी दिली तर रविवारी या. पहिल्या रांगेत तुमची खुर्ची ठेवली आहे. गाणं आवडलं तर मध्येच बोला, बाई वाट बघत असतात. पियानोबद्दल मात्र कार्यक्रम संपल्यावर.