हातभर तुकडे

२ जून
पोचलो एकदाचा तमिळ मुलखात. वेलचेरीत दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. पुराचं पाणी इतक्या वर येत नाही, असं मालकीणबाई अभिमानाने सांगतात. नाशिकला सात वर्षं हौसेने कडे चढलो, आता झाडांवर चढून फांद्या छाटायचा पगार मिळणार. आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन!

नुंगंबाक्कममध्ये एका बंगल्याच्या गॅरेजात आमचं सामान असतं. शिकवणारे तुळजाजीराव साठीचे, तंजावरचे मराठी. मी त्यांना काका म्हणतो. त्यांची भाषा ऐकली की पणजोबा भेटल्यासारखं वाटतं, पण वाक्य संपतं ते ‘सरि, तंबी’वर, म्हणजे ‘बरं, पोरा’. त्यांची मुलगी हरिप्रिया माझ्याबरोबर शिकतेय. तिला मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. तीन महिन्यांनी परीक्षा, पास झालो तर कायम नोकरी. काकांनी दोघांनाही वही दिली. दोराबद्दल रोज लिहायचं, वही झाडावरही खिशात ठेवायची. फोन मात्र खाली. वरून पडला तर कुणाचं तरी डोकं फुटेल.

५ जून
माझा कड्यावरचा दोर काकांनी ओढून पाहिला आणि हसून परत दिला. पडणाऱ्याला झेलायचं म्हणून तो ताणला जातो. झाडावर दोरावर बसूनच काम करायचं असतं, तिथे लवचीक दोर म्हणजे पाळणा. इथे न लांबणारा लागतो. डोळे मिटून तो इंचाइंचाने चिमटीतून सरकवायचा. वरून कितीही नवा दिसो, आत मऊ लागला की बाद.

दोर फांदीवरून टाकायचा. एक टोक आपल्या पट्ट्याला, दुसऱ्या पदरावर पट्ट्याला जोडलेली प्रुसिकची गाठ. हाताने ढकलली की सरकते, वजन पडलं की धरते. उरलेलं शेपूट खालच्या माणसाच्या हातात. मेट्रोच्या खोदकामापुढे ओरडणं ऐकू येत नाही, म्हणून हिसके द्यायचे. दोन म्हणजे ठीक. तीन म्हणजे मला उतरवा.

९ जून
कोपऱ्यातल्या पिशवीत गिरीधरचा दोर आहे. तो माझ्या आधी या जागेवर होता. हरिप्रियाने आज सगळं सांगितलं. गेल्या वर्षी मोठ्या पर्जन्यवृक्षावर त्याचा पाय सटकला. दोर तुटला नाही, पण गाठ आवळून बसली. पट्ट्यात नुसतं लोंबकळत राहिलं की पायांत रक्त तुंबतं, तासाभरात माणूस जातो. काका जेवायला गेले होते, दाट पानांत तो कुणालाच दिसला नाही. त्या झाडाची पानं संध्याकाळी मिटतात. ती मिटली तेव्हा तो खालून दिसला. तेव्हापासून कुणी वर असेल तर काका जेवत नाहीत, शेपूट हातातून सोडत नाहीत.

ज्या दोराने माणूस झेलला तो पुन्हा वापरायचा नाही, हातभर तुकडे करून त्याच झाडाच्या बुंध्याशी पुरायचा, हा त्यांचा नियम. वर्षभर त्यांचा हात धजावला नाही. आज ते काम मला सांगितलं.

मी दोर चिमटीतून सरकवला. एकही मऊ जागा नाही. असला दोर मला जन्मात परवडणार नाही. त्याच बनावटीचा एक झिजलेला दोर कापून तुकडे पोत्यात भरले. काकांनी पोतं न उघडताच पुरलं, वर हळदकुंकू वाहिलं, बराच वेळ हात जोडून उभे राहिले. मला हसू आवरेना.

१४ जून
शाळेच्या आवारातला कडुनिंब. गिरीधरच्या दोरावर चढलो. गाठ लोण्यासारखी सरकते.

वर असताना शेपटाला तीन हिसके बसले. खाली पाहिलं तर काका नुसते धरून बसले होते. उतरून विचारलं. ते म्हणाले, खालून कुणी तीन देत नसतं.

१७ जून
जेवून आलो तर दोर ताठ. झाडावर कुणी नव्हतं, माझा पट्टा जमिनीवर पडलेला. तरी दोन्ही पदर ताठ, माणूस बसल्यासारखे. हात लावला. तीन हिसके.

काकांना सांगायला हवं. पण हळदकुंकू वाहिलेलं ते पोतं आठवतं. कुठल्या तोंडाने सांगू? नोकरीही जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची.

२० जून
हरिप्रियाचा दोर करवतीने कातरला गेला. काकांनी तिला माझा, म्हणजे गिरीधरचा, दिला. उद्या ती त्याच पर्जन्यवृक्षावर चढणार. मीच तो गुंडाळून तिच्या पिशवीत ठेवला.

झोप नाही.

२१ जून, सकाळ
सांगायला गेलो होतो. तोंड उघडलं आणि म्हणालो, आज मी चढतो. ती चिडली. काका सरि म्हणाले.

सांगण्यापेक्षा चढणं सोपं वाटलं. भित्रा आहे मी.

२१ जून, झाडावर
चाळीस फूट. पाय सटकला. गाठ आवळली— दोन्ही हातांनी ओढली, हलत नाही. खोड हाताला लागत नाही.

तीन हिसके दिले.

उत्तर आलं. दोन.

पुन्हा तीन. पुन्हा दोन.

पानांच्या फटीतून काका दिसतात. शेपूट मुठीत धरलंय. या वेळी सोडलं नाही त्यांनी. वर पाहत नाहीत, बोटांवर विश्वास. हरिप्रियाला दोन बोटं दाखवली— ठीक आहे म्हणून—

मी तीन देतोय. त्यांना दोन लागतात. मधे कुणीतरी—

ओरडलो. खोदकाम चालूच. हेल्मेट टाकलं, फांदीत अडकलं.

पानं मिटली की दिसेन. आता साडेबारा.

मांड्यांखाली काही कळत नाही. करवत आहे. कापला तर चाळीस फूट. काकांनी सांगितलं त्या दिवशीच कापला असता तर—

दोर जड झालाय. माझ्या खाली. गाठ सरकवत कुणीतरी वर येतंय— हळू— नीट शिकवल्यासारखं—

काका, वही तरी वाचाल. हरिप्रियाला या दोरावर चढवू नका. तुम्ही पुरलात तो दोर गिरीधरचा नव्ह