बाजेचा चौथा खूर

नारायणगाव, एप्रिल २००३

ती. आईच्या पायावर रागिणीचं डोकं.

शिवशंकर, आईला मोठ्यानं वाचून दाखव रे, मधलं गाळू नको.

आई, मी मजेत हाये. आमच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या दिवसाही आभाळ ऐकतात, म्हणून रात्री झोप मिळते. जेवणही बराबर होतं. बाबांच्या हाळीला मेंढरं वळतात ना, तशा त्या सगळ्या तबकड्या एकदम मान वळवतात. मी बघतच राहते.

काल गंमत झाली. सरांनी नकाशावर सप्तर्षी दाखवले अन् मी बोलून गेले, "ही तर म्हातारीची बाज!" सर हिंदीवाले. बाज म्हणजे ससाणा समजून ते पक्षी शोधत बसले! मग तुझी गोष्ट सांगितली. चार चांदण्या बाजेचे खूर, मागं तीन चोर, अन् म्हातारी जागी म्हणून चोरांना बाज नेता येत न्हाई. चौथा खूर फिका, तर तू म्हणायचीस, त्याला वाळवी लागली.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला भिऊ नको. हिंगोलीला बाबा संग येणार ना? पट्टी सुटली तरी चुलीपुढं बसू नको.

डॉक्टर हो म्हणले की दिवेलागणीनंतर अंगणात उत्तरेला बघ. चौथा खूर दिसला का, तेवढं कळव. मला बरं वाटावं म्हणून उगं 'दिसला' म्हणू नको. ती सवय मला तुझ्याकडूनच आली.

तू खरं कळव, मग मीबी जेवणाचं खरं कळवीन.

तुझीच,
रागिणी