बाबांची चादर आणि देवाचं गौरव

अहो,

प्रत्येक काम देवाच्या गौरवासाठी करावं, हे रविवारी तुम्ही उपासनेत इतकं सुंदर सांगितलंत की मागच्या बाकावरच्या मावशी रडल्या. मला मात्र डुलकी लागली होती. पहाटेपासून बाबांची चादर दोनदा बदलली होती.

आज कंबर धरलीय, म्हणून दोन दिवस ताईकडे जातेय. बाबांना नऊला गोळी द्या, मग कोमट पाण्याने आंघोळ घाला. ते लाजतील, तेव्हा उपदेश नको, नुसता हात धरा.

त्यांचं करताना मीही प्रार्थनाच म्हणते हो, पण शेवटी आमेन म्हणायला दुसरं कोणी नसतं.

चिठ्ठी मुद्दाम तुमच्या गीतपुस्तकात ठेवलीय. मोरीत ठेवली असती तर तुम्हाला सापडली नसती.

चादर तिथेच भिजत घातलीय. साबण संपलाय.