चिकूच्या खिरीची कबुली व बाकीची वाटणी

मी, श्रीमती जयवंती हिरू भोये, वय ६६, राहणार सायवन, तालुका डहाणू, जिल्हा पालघर, एका विज्ञान महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली परिचर, हे मृत्युपत्र माझ्याच अकलेने लिहीत आहे. अक्कल जागेवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरापासून उलटे आकडे मोजायला सांगितले. मी म्हटले, त्यापेक्षा जंतू रंगवण्याच्या चार पायऱ्या उलट्या सांगते: सॅफ्रानिन, स्पिरिट, आयोडीन, जांभळा रंग. त्यांना स्वतःला तिसरी आठवत नव्हती. दाखला लगेच मिळाला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. तसे कोणी दाखवल्यास अक्षर तपासून पाहावे.

कलम १. माझे पती हिरू २०१६ साली वारले. त्यांच्यामागे माझ्या नावावर आलेली भाताची जमीन मुलगा संदीप याला व पोस्टातील शिल्लक मुलगी दक्षा हिला मिळावी. घर दोघांचे. त्यातली पश्चिमेची खोली दक्षाकडेच राहावी, कारण नवऱ्याशी भांडून आल्यावर तिला तिथेच झोप लागते.

कलम २. मोठा प्रेशर कुकर सून योगिता हिला. कॉलेजचे वाफेचे यंत्र दोन वर्षे बंद होते तेव्हा जंतू वाढवायचे माध्यम मी याच कुकरात उकळून निर्जंतुक करीत असे. त्यामुळे योगिता त्याला हात लावत नाही. मी लिहून देते की सायवनमध्ये त्याच्याइतका स्वच्छ कुकर दुसरा नाही. तिने त्यात खुशाल डाळ लावावी.

कलम ३. कॉलेजच्या भंगारातून घेतलेला सूक्ष्मदर्शक दक्षाला. माझा जांभळ्या डागांचा अॅप्रन आमच्या विभागातील एका निवृत्त प्राध्यापकांना द्यावा. नाव लिहीत नाही. भोये बाईंचा हात थरथरतो म्हणून जंतू वाढवायच्या थाळ्या खराब होतात, असा शेरा ते दरवर्षी वहीत लिहीत. थाळ्या उघड्या ठेवून त्यांवर शिंकत कोण असे, ते सगळ्या विभागाला माहीत होते. डाव्या खिशावरचा मोठा डागही त्यांनीच पाडलेला आहे, तेव्हा वस्तू मालकाकडे परत जाते आहे.

कलम ४. हे कलम माझी थोरली जाऊ पुतळी जिव्या भोये हिच्यासंबंधी आहे व ते लांबेल.

आमच्या पाड्यांवर लग्नाचा स्वयंपाक पुतळीच करायची. चारशे माणसांचा भात ती नुसत्या नजरेने मोजते. मे २०१२ मध्ये संदीपचे उधव्याच्या योगिताशी लग्न झाले, तेव्हा चिकूची खीर तिच्याकडे होती. दूध तिने पहाटे आटवून गार केले. चिकू सोलून, हाताने कुस्करून त्यात घातले ते मी. मग खीर मांडवात त्या उकाड्यात चार तास तशीच राहिली. पहिली पंगत मुलीकडच्यांची बसली आणि खीर त्यांच्यातच संपली, घरच्यांना थेंब मिळाला नाही. चार वाजता उधव्याची त्रेसष्ट माणसे आमच्या शेताच्या बांधावर ओळीने बसून ओकत होती. योगिताचे वडील नव्या धोतरात टेम्पोमध्ये आडवे झाले होते. कोणाच्या जिवावर बेतले नाही. पण आमच्या घरातली नवी नवरी एकीकडे रडत होती आणि दुसरीकडे तिचे मामा आमच्याकडे बघत होते. तेव्हा "दूध जाऊबाईंनी आटवलं होतं" हे वाक्य तोंडातून काढणारी पहिली बाई मी.

टोपाच्या तळाला चिकटलेली खीर खरवडून औषधाच्या बाटलीत घालून मी सोमवारी कॉलेजात नेली. जाऊबाईचा दोष पुराव्याने सिद्ध करायचा, हाच हेतू होता. तिच्या दोन्ही हातांवर ओला कापूस फिरवून नमुना घेतला. तिने हात आपणहून पुढे केले होते. खारट माध्यमाच्या दोन गुलाबी थाळ्या लागल्या, तिसरी उरली. ती वाया कशाला घालवायची म्हणून माझ्या अंगठ्यावरचा नमुना तिच्यावर ओढला. लग्नाच्या धावपळीत त्या अंगठ्याला नखुरडे होऊन पिकले होते. व्याह्यांसमोर चिंधी बरी दिसत नाही म्हणून ती सोडून मी चिकू कुस्करले होते.

दुसऱ्या दिवशी खिरीची थाळी पिवळी झाली होती आणि तिच्यावर सोनेरी ठिपके होते. अंगठ्याची थाळी अगदी तशीच. जाऊबाईच्या थाळीवर चार पांढरे ठिपके, निरुपद्रवी. दोन काचा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. दोन्हींवर जांभळ्या गोल दाण्यांचे तेच घोस, पू करणारे जंतू. दर जूनमध्ये नव्या मुलांना हात धुवायला शिकवणारी बाई मीच होते. मग तिन्ही थाळ्यांवरचे जंतू वाफेवर मारले, घरी आले आणि सांगितले, "तपासणीत काही निघालं नाही."

त्यानंतर पुतळीला एकाही लग्नात चुलीपाशी बोलावले नाही. ती पाहुणी म्हणून यायची, पंगतीत बसायची, करपलेली डाळ मुकाट्याने खायची. आम्ही एकाच बोअरिंगवर पाणी भरत होतो. तेरा वर्षांत ती माझ्याशी सगळ्या विषयांवर बोलली, खिरीवर नाही.

गेल्या फेब्रुवारीत या कलमाचा कच्चा मसुदा झाल्यावर मी तो तिला वाचून दाखवला, कारण तिच्या नावे मोठा पितळी टोप लिहिला होता व तो ती घेईल का, हे विचारायचे होते. तिने शेवटपर्यंत ऐकले.

"हे तू मेल्यावर वाचणार?"

"हो."

"मी तुझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मीच आधी गेले तर?"

याचा मी विचार केला नव्हता.

"एप्रिलात उधव्याला योगिताच्या भावाचं लग्न आहे," ती म्हणाली. "ओकले होते ते सगळे येतील. तिथं सांग."

"योगिताला काय वाटेल, जाऊबाई?"

"मला काय वाटलं ते कधी विचारलंस?"

मग ती म्हणाली, "आणि टोप माझाच आहे. त्या लग्नापासून तुझ्याकडे पडलाय." तो तिने त्याच दिवशी डोक्यावर घेऊन नेला. म्हणून टोपाचा उल्लेख वाटणीतून काढला आहे.

एप्रिलमध्ये उधव्याच्या मांडवात मी बँडवाल्यांना थांबवले आणि माइक हातात घेऊन सगळे सांगितले. नखुरडे हा शब्द दोनदा सांगावा लागला, मागे ऐकू गेले नाही. कोणी हसले नाही. योगिताचे वडील काठी टेकत पुढे आले. म्हणाले, "अंगठा दाखवा." मी दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "आता बरा दिसतोय," म्हणाले, आणि वळून पुतळीसमोर हात जोडले. त्यांना तसे करताना पाहून मी माइक बँडवाल्यांना परत दिला.

योगिता माझ्याशी नऊ दिवस बोलली नाही. दहाव्या दिवशी म्हणाली, "आई, यापुढे कणीक मी मळते." तो हक्क मी तिला हयातीतच दिला आहे.

पुतळीला या मोसमात पाच लग्नांचे बोलावणे आले. दोन तिने नाकारली. नाकारताना तिचा चेहरा पाहण्यासारखा होता.

कलम ५. माझ्या दिवसकार्याचा स्वयंपाक पुतळीकडे, तिची तब्येत असेल तर. या पत्राप्रमाणे सर्व करण्याची जबाबदारी दक्षाची.

वकिलांचे म्हणणे, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये. पुतळीला विचारले, तुला एखादे पातळ लिहू का सही घेऊ? ती म्हणाली, "सही. नाहीतर उद्या म्हणतील, म्हातारी भ्रमात बरळली." ती चौथी शिकली आहे. शाईचा पॅड पुढे केला तो तिने मागे सारला.

ठिकाण: सायवन
दिनांक: ९ जून २०२५

लिहून देणार: जयवंती हिरू भोये (सही)

साक्षीदार:
१. चंद्रिका तुक्या वरठा, शेजारीण (सही). माझ्यासमोर सही केली.
२. पुतळी जिव्या भोये (सही). माझ्यासमोर सही केली. सगळे वाचून घेतले. खरे आहे. थोडे कमी लिहिले आहे.